अकरावर अडकलेले अण्णा

चामराजपेटेतली जुनी घरं वायफायसाठी बांधलेली नाहीत. 1892 साली म्हैसूर संस्थानाने बेंगळुरूच्या गजबजलेल्या पेठांना लागून ही वसाहत आखली, तिला महाराज चामराजेंद्र वोडेयरांचं नाव दिलं, पाच सरळ मेन रोड आणि त्यांना छेदणारे क्रॉस काढले. त्यानंतर लोकांनी इथे भिंती अशा जाडजूड उभ्या केल्या की बाहेर एप्रिल पेटलेला असला तरी आतल्या लाल ऑक्साइडच्या जमिनीवर पाऊल टेकलं की गार वाटावं. त्यातल्या दोन भिंती ओलांडेपर्यंत वायफायचा जीव जातो. यात वोडेयर महाराजांचा काही दोष नाही, हे अण्णांना मान्य आहे. बाकी सगळ्यांचा आहे.

अण्णा आमचे घरमालक. मी माडीवर भाड्याने राहतो, ते खाली. घराणं मराठी, आणि इथे कधी आलात असं विचारलं की बेंगळुरूचे जुने मराठी लोक जे सांगतात तेच तेही सांगतात: ‘शहाजीराजांबरोबर.’ 1638 च्या सुमाराला बेंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे आली हे खरं, पण त्यांच्याबरोबर जितके लोक आल्याचं आज सांगितलं जातं तितके आले असते तर किल्ल्यात उभं राहायला जागा उरली नसती. ते असो. अण्णांचं मराठी मात्र पक्कं आहे. ‘काय की हो’ने सुरू होतं आणि कन्नड ‘आय्तु’ने, म्हणजे ‘झालं’ने, संपतं, एवढंच.

नोकरी सगळी आयटीआयमध्ये झाली. आयटीआय म्हणजे 1948 साली सुरू झालेला सरकारी टेलिफोन कारखाना, ज्याच्यामुळे बेंगळुरूच्या एका टोकाला दूरवाणीनगर असं नाव पडलं. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, आणि मधल्या वेळात टेस्टिंगच्या बाकावर तांब्याच्या तारांच्या जोड्या तपासणं. कुठली तार तुटली, कुठली नुसतीच टेकली, कुठली चुकून शेजारणीला चिकटली, हे अण्णा मीटर लावायच्या आधी डोळ्यांनी ओळखत. वाचकांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे लागेल.

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. अण्णांनी कॅसेटी काढल्या. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामसेवा मंडळीचा रामनवमीचा संगीतोत्सव भरतो, पार महिनाभर; उत्सव 1939 पासूनचा. तिथे मागच्या रांगेत मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन अण्णांनी तरुणपणी भरलेल्या त्या कॅसेटी. त्यांत गाणं आहे, मृदंग आहे, आणि शेजारी बसलेल्या कुणाचा तरी खोकला तर सगळ्यांत स्पष्ट आहे. शिवाय दोन मुलांच्या मुंजी, मुलीचं लग्न, गृहप्रवेश, गौरी-गणपती, कुणाकुणाची साठी-शांत, हे सगळं व्हिडिओवर. अण्णांनी एकेक कॅसेट संगणकात उतरवली. गाण्याचं मिनिट साधारण दहा एमबी, व्हिडिओची तासाची छोटी टेप तेरा जीबी. ढीग दोन टीबीपर्यंत गेला.

तेव्हा अमेरिकेतल्या धाकट्या मुलाने नॅस पाठवली. नॅस म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडायचं डिस्कांचं कपाट: दोन डिस्का एकमेकींची नक्कल ठेवतात, एक गेली तरी दुसरी जगते, आणि घरातल्या कुठल्याही संगणकावरून फायली त्यात टाकता येतात. काळं, पावाच्या लादीएवढं खोकं. ते कुठे ठेवायचं यावर घरात बरीच चर्चा झाली आणि शेवटी देवघराच्या बाहेरच्या कोनाड्यात बसलं, कारण इन्व्हर्टरची लाइन तिथेच होती. त्याचे निळे दिवे लुकलुकायला लागल्यावर धारवाडहून आलेल्या एका मावशींनी आधी देवाला आणि मग त्याला नमस्कार केला. अण्णांनी हरकत घेतली नाही.

हरकत पुढे सुरू झाली.

पहिल्या दिवशी वायफायवरून फाइल टाकली. वेग सेकंदाला चार एमबी. अण्णांनी भिंतीकडे पाहिलं, भिंत थोपटली, आणि ठरवलं की केबल ओढायची. समोरच्या खोलीतल्या संगणकापासून पडवीतल्या टेबलाखालच्या स्विचपर्यंत एक, आणि स्विचपासून देवघरापर्यंत दुसरी. इलेक्ट्रिशियनला बोलवा असं वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, म्हणाल्या. अण्णांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आयटीआयच्या टेस्टिंग विभागाची नजर होती.

त्या दिवशी मी अण्णांना कामात पाहिलं, ते विसरणं शक्य नाही. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर अण्णा, चष्मा कपाळावर, दुसरा चष्मा नाकावर. केबलचं निळं साल बोटभर सोललं, आतून पिळलेल्या चार जोड्या निघाल्या. त्यांचा पीळ उलगडला, तारा अंगठ्याखाली ताठ केल्या, आणि आरती म्हणावी तसा क्रम म्हणायला सुरुवात केली: ‘पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.’ आठही टोकं कात्रीने एका रेषेत कापली, पारदर्शक प्लगात सारली, क्रिंपिंग टूलमध्ये धरून दाबली. कट्ट असा आवाज झाला. ‘आय्तु,’ अण्णा म्हणाले. एवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि पुढच्या टोकाला जरा घाई झाली. घाईचं मी म्हणतो. अण्णा तसं कधीही म्हणणार नाहीत.

वेग अकरा झाला. चाराचा अकरा. अण्णांनी त्या रात्री सगळ्यांना बदामाचा शिरा खिलवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठेतरी वाचलं की या केबलवर एकशेदहा यायला हवेत. आणि त्या दिवसापासून या घराची झोप गेली.

इथे थोडा हिशेब सांगायला हवा, कारण तो अण्णांनी दूधवाल्यापासून वहिनींच्या भजनी मंडळापर्यंत सगळ्यांना सांगितला आहे आणि एकट्या वाचकाने का सुटावं? नेटवर्कवाले वेग बिटांत मोजतात, फायलीवाले बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. गिगाबिट नेटवर्क म्हणजे सेकंदाला एक हजार मेगाबिट. आठाने भागा, सव्वाशे एमबी. त्यातून प्रत्येक पाकिटावरचा पत्ता, पोच, पोचेची पोच अशी दलाली वजा जाते आणि हातात एकशेदहाच्या आसपास पडतात. जुनं, शंभर मेगाबिटांचं नेटवर्क असेल तर त्याच हिशेबाने साडेबारा, आणि दलाली जाऊन अकरा. अण्णांचं प्रत्येक खोकं गिगाबिटचं होतं, आणि वेग मात्र अकरा. दोन टीबी अकराने न्यायचे तर पन्नास तास. एकशेदहाने पाच.

पन्नास तास म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री. फाइल टाकून झोपायचं, तिसऱ्या दिवशी उठायचं, झालं. वहिनींचं हेच म्हणणं होतं. त्यांचं आणखी एक म्हणणं असं होतं की तीन तासांची मैफल या ‘मंद’ वेगानेसुद्धा तीन मिनिटांच्या आत नॅसमध्ये जाते, आणि ऐकायची म्हटली तर तीन तास लागतात, आणि ती ऐकायला या घरात कुणी आजवर बसलेलं नाही. हा मुद्दा अण्णांनी ‘विषयाला सोडून आहे’ म्हणून फेटाळला. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. विषय मैफलीचा नव्हता, वेगाचा होता.

अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. दूरदर्शनच्या दिवसांत हीच माणसं गच्चीवर चढून अँटेना फिरवत आणि ‘आलं का?’ म्हणून ओरडत. खालून ‘आलं, आलं, गेलं!’ असं यायचं. चित्रहार तोवर संपलेला असायचा, पण त्यांचं समाधान झालेलं असायचं. पुढे त्यांनी स्कूटरचे कार्बोरेटर खोलले, पाण्याच्या टाकीला आपोआप बंद होणारे बॉल कॉक बसवले. वस्तू चालते की नाही, याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नसतं. ती का चालत नाही हे इतरांआधी आपल्याला कळलं पाहिजे, एवढीच इच्छा. आणि त्यांची एक अट असते, बोलून न दाखवलेली: दोष बाहेरचा असला पाहिजे.

मुलगा नेटवर्किंगमध्येच नोकरीला आहे. त्याने पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सांगितलं, ‘बाबा, अकरा म्हणजे सरळ आहे. लिंक शंभरावर पडलीय. केबल बदलून बघा.’

‘केबल मी केलेली आहे,’ अण्णा म्हणाले.

‘तरी पण...’

‘जेवलास का?’ अण्णा म्हणाले.

त्यानंतर तपास सुरू झाला. त्यासाठी एक दोनशे पानी वही आली. तारीख, वेळ, फायलीचं नाव, वेग, शेरा. शेऱ्यात हवामानही असायचं. पहिला संशयित अँटिव्हायरस. त्याची हकालपट्टी झाली आणि आठवड्याभरात संगणकाला काहीतरी लागण झाली, तेव्हा सन्मानाने परत बोलावण्यात आलं. दुसऱ्या संशयित डिस्का. 2020 साली असं उघडकीला आलं होतं की नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कांमध्ये एका कंपनीने न सांगता एसएमआर पद्धत वापरली होती, ज्यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात आणि सलग खूप लिहायला लागलं की डिस्क दमते. अण्णांनी डिस्कांचे नंबर भिंग लावून वाचले. डिस्का निर्दोष निघाल्या. त्यांना निर्दोष सोडताना अण्णांना झालेलं दुःख मी पाहिलं आहे.

मग विंडोज. 2024 च्या विंडोज 11 मध्ये एक बदल झाला: नॅसशी बोलताना प्रत्येक निरोपावर सही लागेल अशी सक्ती आली. अशक्त प्रोसेसरच्या नॅसला या सह्यांचा भार होतो आणि वेग उतरतो, हे खरं आहे. अण्णांनी सह्या बंद केल्या. अकरा. पुन्हा चालू केल्या. अकरा. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पाकिटांचा आकार पंधराशेवरून नऊ हजार केला, पण फक्त संगणकावर. मोठी पाकिटं दोन्ही टोकांना आणि मधल्या स्विचलाही मान्य असावी लागतात. दोन दिवस नॅस घरात असून दिसेना. अण्णा तिच्यासमोर उभे राहून ‘आहे की इथंच, दिसत नाही म्हणजे काय?’ म्हणत होते.

त्यानंतर माझी पाळी आली. एके रात्री दार वाजलं. दारात अण्णा, हातात वही.

‘काल रात्री अकराच्या सुमाराला तुम्ही काय बघत होतात?’

मी म्हटलं, क्रिकेट.

‘एचडीमध्ये?’

मी हो म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या क्रिकेटचा त्यांच्या घरातल्या केबलशी काही संबंध नाही, हे मी सांगून पाहिलं. माझा सामना इंटरनेटवरून येतो आणि त्यांची फाइल संगणकातून स्विचमार्गे नॅसकडे जाते, घराच्या बाहेर पाऊलही टाकत नाही. ‘ते खरं की हो,’ अण्णा म्हणाले, ‘पण लोड येतो बघा.’ लोड हा शब्द चामराजपेटेत कुठल्याही गोष्टीला चालतो.

दरम्यान एसपी रोडच्या फेऱ्या सुरू होत्याच. सदर पत्रप्पा रोड म्हणजे बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक्सचं कोठार. टाउन हॉलच्या पलीकडे, आमच्याकडून रिक्षाने पाच मिनिटं आणि ट्रॅफिक असेल तर देवाला माहीत. तिथून नवा स्विच आला, राउटर आला, आणि एक दिवस केबल टेस्टर आला: दोन लहान डब्या, केबलच्या एकेका टोकाला एकेक लावायची, एक ते आठ दिवे ओळीने लागले की सगळ्या तारा ठीक. शंभराच्या नेटवर्कला आठांतल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठच्या आठ. त्यातली एखादी कच्ची राहिली तर दोन्ही बाजू थोडा वेळ प्रयत्न करतात आणि मुकाट्याने शंभरावर उतरतात. कुठे घंटा वाजत नाही, की पडद्यावर काही येत नाही.

हे मला कुणी शिकवलं? अण्णांनीच. पुढच्या क्रॉसवरच्या छापखान्यात जाऊन त्यांनी मालकाच्या सगळ्या केबली टेस्टरवर धरल्या, त्यातली एक सहाव्या दिव्यावर अडली, अण्णांनी तिथल्या तिथे नवं टोक लावून दिलं. मालक अजून त्यांना बाय-टू, म्हणजे दोघांत वाटून घेतलेल्या, कॉफीतला मोठा अर्धा देतो. क्लिनिकमध्ये, शिकवणीच्या वर्गात, ओळखीच्या ओळखीत टेस्टर फिरला. स्वतःच्या केबलला लागला नाही. टेस्टर संशयितासाठी असतो, घरच्या माणसासाठी नव्हे.

मधल्या काळात अण्णांना कबुतराची गोष्ट मिळाली आणि त्यांनी ती जेवणाच्या पंक्तीत सांगितली. 2009 साली दक्षिण आफ्रिकेत एका कंपनीने मंद इंटरनेटला वैतागून विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार जीबीचं मेमरी कार्ड बांधलं आणि ऐंशीएक किलोमीटर लांबच्या आपल्या दुसऱ्या ऑफिसकडे सोडलं. कबुतर पोचून, कार्डावरची माहिती उतरवून सगळं मिळून दोन तास सात मिनिटं लागली. तेवढ्या वेळात इंटरनेटवरून चार टक्के पोचलं होतं. पंक्ती हसली. अण्णांनी लगेच मनातल्या मनात भागाकार करून सांगितलं, कबुतराचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी.

‘म्हणजे आपण कबुतराच्या वीसपट जोरात आहोत,’ वहिनी म्हणाल्या. ‘मग रड कशाची?’

अण्णांनी ताकाचा पेला तोंडाला लावला.

उलगडा दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाला. इकडे आयुधपूजेला घरातलं एकूण एक यंत्र पुसून त्याला गंध-फूल वाहतात, सायकलपासून मिक्सरपर्यंत. वहिनी स्विच पुसत होत्या, अण्णा वरून ‘हळू, हळू’ करत होते, आणि मला टॉर्च धरायला बोलावलं होतं. वहिनींनी स्विचला कुंकवाचं बोट लावता लावता सहज विचारलं:

‘हा एकच दिवा पिवळा का हो? बाकीचे सगळे हिरवे आहेत.’

‘असतो,’ अण्णा म्हणाले.

‘जुन्यालाही तिथंच पिवळा होता. मला वाटलं, देवघराचा म्हणून वेगळा दिलाय.’

आमच्या त्या स्विचवर गिगाबिटला हिरवा दिवा लागतो आणि शंभराला पिवळा. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर छापलेलं आहे. पुस्तिका अण्णांना तोंडपाठ होती. मी टॉर्च तसाच धरून उभा राहिलो. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी झेंडूचं फूल उचललं, स्विचवर ठेवलं, आणि ‘प्रसादाचं बघा’ म्हणून आम्हां दोघांनाही स्वयंपाकघराकडे पिटाळलं.

रात्री उशिरा खालून कट्ट असा आवाज आला. एकदाच.

सकाळी वेग एकशेबारा होता. दुपारपर्यंत दोन टीबी नॅसमध्ये जाऊन बसले. वहीतली त्या दिवसाची नोंद अण्णांनी मला स्वतः दाखवली: ‘स्विचची धूळ काढली. उष्णता कमी. वेग 112. शेरा: धूळ हेच कारण.’ खाली तारीख, सही. मुलाला फोनवरही धूळच सांगण्यात आली. मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, ‘छान झालं बाबा.’ नेटवर्किंगमध्ये एवढी वर्षं काढलेला माणूस, तोही शिकला असणार.

वहिनींनी मात्र पोह्यांच्या डब्याच्या झाकणात ठेवलेलं एक कापलेलं टोक मला गुपचूप दाखवलं. केराच्या टोपलीतून काढलेलं. पारदर्शक प्लग उजेडात धरला की स्वच्छ दिसत होतं: सात तारा पुढच्या भिंतीपर्यंत गेलेल्या, आणि शेवटची, तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढी मागे राहिलेली. ‘कुकर माझाच होता की,’ त्या म्हणाल्या आणि झाकण लावून डबा फळीवर ठेवून दिला.

आता अण्णांना चैन पडलं असेल असं वाटत असेल तर तुम्ही त्यांना ओळखलं नाही. काल ते पुन्हा वर आले होते. मोठ्या फायली एकशेबाराने जातात, पण नातवंडांचे फोटो टाकायला घेतले की वेग पार दोन-तीनवर येतो. असं होतंच; लहानलहान हजारो फायलींत प्रत्येकीसाठी उघडा, लिहा, मिटा, पोच द्या असा सगळा विधी वेगळा करावा लागतो आणि वेळ त्यातच जातो. सगळे फोटो एका झिपमध्ये बांधून पाठवले तर प्रश्न मिटतो. मी हे सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या हातात नवी वही दिसली. मी म्हटलं, लोड असेल. अण्णांचा चेहरा खुलला.

तुमच्याही घरी फायलींचा वेग अकराच्या आसपास येऊन थबकत असेल, तर राउटर, विंडोज, डिस्का आणि भाडेकरू यांना बोल लावण्याआधी स्विचच्या दिव्याचा रंग बघा आणि मग केबलची दोन्ही टोकं उजेडात धरा. केबल घरातल्या कर्त्या पुरुषाने स्वतःच्या हाताने केली असेल, तर ते आधी झोपले आहेत ना, तेवढी खात्री करून घ्या.